यादीतली बाकीची मुलं

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्याचं दुःख मनापासून जाणवलं की बरोबर काय ते आपोआप कळतं, नीतीला आणखी कसला पाया नको, असं तू लिहिलं आहेस. तुझ्या कळवळ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. या मतावर मात्र नाही.

डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत केलेला एक प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गंभीर आजारी मुलीची, प्रयोगासाठी रचलेली, मुलाखत लोकांना ऐकवली. तिचं नाव मदतीच्या प्रतीक्षायादीत होतं. ते वर सरकवायचं का, हे ऐकणाऱ्यांनी ठरवायचं. वर सरकवलं तर तिच्याहून गरजू मुलं मागे पडतील, हेही त्यांना माहीत होतं. काहींना तटस्थपणे ऐकायला सांगितलं होतं, काहींना तिच्या मनात काय चाललं असेल याची कल्पना करत. दुसऱ्या गटातल्या लोकांनी तिला कितीतरी जास्त वेळा पुढे नेलं. मला अस्वस्थ करतं ते यापुढचं: असं करणं कमी न्याय्य आहे, हे त्यांना स्वतःलाही मान्य होतं. कळत होतं, तरी हात तिच्याच नावाकडे वळला. मागे राहिलेल्या मुलांचा आवाज कोणी ऐकलाच नव्हता.

शिष्यवृत्तीचे अर्ज वाचणाऱ्या समितीत तू आहेस, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय. ज्या उमेदवाराने तुला भेटून आपली कहाणी सांगितली, त्याचा अर्ज बाजूला ठेव आणि आधी उरलेले वाच. ज्यांना भेटता आलं नाही, लिहिता नीट येत नाही, त्यांच्या अर्जांना जास्त वेळ दे. आधी निकष ठरव, नावं नंतर बघ.

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने अठराव्या शतकातच नैतिक भावनेचं मूळ सहानुभूतीत शोधलं होतं. पण आपल्या माणसांसाठी ती जास्त आणि दूरच्यांसाठी कमी वाटते, हे त्यालाही दिसत होतं. म्हणून माणसाची पारख करताना आपली जागा सोडून सर्वांना सामाईक अशा जागेवरून बघावं लागतं, असं त्याने मांडलं. पायाच डळमळतो म्हणून त्याला हा टेकू द्यावा लागला, असं मी समजतो. आणि अजून जन्मालाच न आलेल्यांचं काय? त्यांची वेदना जाणवणार तरी कशी? तरीही आज आपण जे नासवतो, ते त्यांनाच भोगावं लागणार आहे.

याचा अर्थ कळवळा टाकून दे असा मुळीच नाही. ज्याला दुसऱ्याचं दुखणं शिवतच नाही, त्याच्या हातातले नियम फार क्रूर होतात, आणि कुठे अन्याय होतोय हे त्याला दिसणारही नाही. पण आत काहीच हलत नाही असे दिवस येतील. थकवा असेल, तुझंच एखादं दुःख असेल. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ मध्ये अशाच माणसाचं उदाहरण घेतलं होतं: स्वतःच्या शोकाने ज्याची सगळी सहानुभूती विझली आहे, तरी जो केवळ कर्तव्य म्हणून मदतीला उठतो. कांटच्या मते खरं नैतिक मोल इथेच दिसतं. एवढं टोकाचं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मन कोरडं आहे म्हणून स्वतःला दोष देत बसू नकोस. ज्याला यायचं कबूल केलं आहेस, त्याच्याकडे वेळेवर जा.