उत्तर: रिलीफ व्हॉल्व्ह आवळून प्रेसचा वेग का वाढत नाही

तुमचा प्रश्न असा: हायड्रॉलिक प्रेसला 80 मिमी बोअर (आतला व्यास) आणि 45 मिमी रॉडचा (पिस्टनच्या दांड्याचा) सिलिंडर, मिनिटाला 20 लिटरचा गिअर पंप, 500 मिमी स्ट्रोक (रॉडची पूर्ण चाल). साडेचार टनांचा लोड उचलायला आता 11 सेकंद लागतात आणि तेल तापतं. रिलीफ (प्रेशर ठरलेल्या मर्यादेला पोचलं की तेल टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह) 150 वरून 180 बारला नेलं तरी वेग तेवढाच, मग मोठा पंप लावू का?

मोठा पंप आत्ता नको. आणि रिलीफ आधी परत 150 ला आणा.

पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला जेवढा अडथळा होईल तेवढंच प्रेशर गेजवर दिसतं. 80 मिमी बोअरचं क्षेत्रफळ साधारण 50.3 चौ. सेंमी. 1 बार म्हणजे दर चौ. सेंमीला 10 न्यूटन. साडेचार टनांचं वजन सुमारे 44,000 न्यूटन, म्हणून लागतात 88 बार. सील आणि गाइडचं घर्षण धरून गेज 90-95 दाखवेल. रिलीफ 150 ला असो की 180 ला, लोड तोच असेल तर काटा तिथेच राहणार. रिलीफ फक्त कमाल मर्यादा ठरवतो. 150 बारला हा सिलिंडर सुमारे 7.7 टन देतो, म्हणजे टनेज तुम्हाला कमी पडतच नाहीये.

वेग ठरतो फ्लोवर, म्हणजे मिनिटाला किती तेल येतं त्यावर. मिनिटाला 20,000 घन सेंमी भागिले 50.3, म्हणजे सेकंदाला 6.6 सेंमी. 500 मिमीला साडेसात सेकंद लागायला हवेत. तुम्हाला 11 लागतात, म्हणजे सिलिंडरला मिनिटाला जेमतेम पावणेचौदा लिटर मिळतंय. उरलेलं सहा लिटर एकतर पंपातून निघतच नाहीये किंवा काम न करता टाकीत परततंय. परतत असेल तर 90 बार गुणिले 6 भागिले 600 (बार आणि लिटर प्रति मिनिट यांवरून किलोवॅट काढायचा ठरलेला आकडा), म्हणजे 0.9 किलोवॅट, स्ट्रोक चालू असेपर्यंत नुसती उष्णता. तेल तापल्यावर पातळ होतं, गळती आणखी वाढते. म्हणून असं मशीन सकाळी बरं चालतं आणि दुपारी रेंगाळतं.

आधी लोड न लावता वेळ मोजा. रिकामा स्ट्रोकही 11 सेकंदच घेत असेल तर सक्शन स्ट्रेनर (पंपात जाणारं तेल गाळणारी जाळी) चोंदलाय का, सक्शन पाइपातून हवा ओढली जातेय का (तेलावर फेस, पंपाचा कर्कश आवाज), फ्लो कंट्रोल (तेलाचा प्रवाह कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) कोणी फिरवलाय का, हे बघा. रिकामा साडेसातला आणि लोडवर 11 ला येत असेल, तर अंतर्गत गळती आहे: पंप, रिलीफची सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो ती जागा), डायरेक्शन व्हॉल्व्हचा स्पूल (तेलाची दिशा बदलणारा आतला सरकता दांडा) किंवा पिस्टन सील.

रिलीफ तपासणं सोपं. लोडवर 90 बार असताना त्याची टाकीकडची लाइन थंड असली पाहिजे. ती तापत असेल तर सीटवर कचरा अडकलाय. सीलसाठी लोड उतरवून रॉड पूर्ण बाहेर काढा, पंप बंद करा, दोन्ही लाइनचं प्रेशर शून्य करा. मग रॉडकडचा होज सोडून त्याला प्लग लावा आणि बाजूला उभं राहून बोअरकडे हळूहळू प्रेशर द्या. उघड्या पोर्टमधून आधीचं थोडं तेल निथळेल. धार थांबलीच नाही तर सील गेलंय. मात्र ट्यूब मधेच ओरखडली असेल तर या टेस्टमध्ये ते कळत नाही. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा वापरा. बारीक धार कातडीतून आत शिरते, आणि तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

180 ला ठेवण्यात एक धोकाही आहे. रॉडकडचं क्षेत्रफळ फक्त 34.4 चौ. सेंमी. रॉड बाहेर येताना तिकडचा रस्ता बंद झाला, तर तिथे 180 चे 263 बार होतात. तो होज तेवढ्या प्रेशरचा आहे का, हे आधी त्यावर वाचा.

रिलीफ सेट करताना स्क्रू आधी सैल करा, सिलिंडर स्ट्रोकच्या टोकाला टेकवा, गेजकडे बघत हळूहळू 150 पर्यंत आवळा आणि लॉकनट घट्ट करा. टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. तेवढ्या वेळात अख्खे 5 किलोवॅट तेलात जात असतात.