फ्रान्सच्या बर्फाळ खेड्यात शेळ्या-कोंबड्या घेऊन हिवाळा कसा निघतो?

निवृत्तीनंतर तुम्ही दोघं फ्रान्सच्या डोंगराळ भागात जुनं दगडी घर घेऊन राहायचं म्हणताय, चार शेळ्या, थोड्या कोंबड्या आणि जमलं तर एक गाढव पाळायचं मनात आहे, पण बर्फाची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी मूळची माण तालुक्यातली. गेले नऊ हिवाळे मध्य फ्रान्सच्या काँताल भागात, सँ-फ्लूर आणि म्युरा यांच्या मधल्या एका वाडीत काढलेत. उंची साधारण १,०५० मीटर. सध्या गोठ्यात चार शेळ्या आणि एक गाढवी, खुराड्यात नऊ कोंबड्या, दारात एक कुत्री. तेव्हा अंगावर काढलेलं सांगते.

थंडीला फार घाबरू नका. पाण्याची काळजी करा.

रात्री पारा उणे दहावर उतरला की गोठ्यातली बादली सकाळी गोठलेली असते. नळ तर डिसेंबरातच बंद करून, पाइप रिकामा करून ठेवावा लागतो, नाहीतर तो फुटतो. मग सकाळ-संध्याकाळ घरातून कोमट पाणी वाहून न्यायचं. गाढवीला दिवसाला पंधरा-वीस लिटर लागतं, शेळ्यांना प्रत्येकी पाचेक लिटर, आणि पोटात करडं असतील तर त्याहून जास्त. बर्फासारखं गार पाणी जनावर तोंड लावून सोडून देतं. तिथूनच आजार सुरू होतो. हिवाळाभर सगळी वैरण सुकी. ती पोटात फुगायला पाणी नसेल तर गाढवाचं पोट गच्च होऊन पोटशूळ उठतो, आणि बर्फात रस्ता बंद असताना गाढवाला पोटशूळ उठणं याहून वाईट रात्र नाही. म्हणून मी बादल्यांवर खूण करून ठेवली आहे. कोण किती प्यायलं हे मला रोज कळलं पाहिजे.

शेळीची थंडी तिच्या पोटातूनच भागते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गवत आंबतं, त्याची ऊब तयार होते. कडाक्याची रात्र दिसली की मी खुराक वाढवत नाही, गवत वाढवते. पहिल्या कापणीचं जाडंभरडं गवत रात्री आणि दुसऱ्या कापणीचं मऊ, हिरवट गवत, ज्याला इथे ‘रगँ’ म्हणतात, ते गाभण शेळ्यांना. खाली पेंढा काढायचा नाही, त्यावरच रोज नवा पसरायचा. खालचा थर आतून तापतो. मार्चपर्यंत तो गुडघ्याएवढा चढतो आणि वसंतात काढताना त्यातून वाफा निघतात.

आता माझ्या हातून जे घडलं ते सांगते, कारण तुम्हीही मायेपोटी तेच कराल अशी मला भीती आहे.

इथले जुने गोठे फार विचाराने बांधलेत. काळ्या ज्वालामुखी दगडाच्या हातभर जाड भिंती (दगड पाहून मला पहिल्याच दिवशी घरचा डोंगर आठवला), वर गवताचा माळा, खाली जनावरं. माळ्यावर मागच्या चढावावरून गवताची गाडी थेट आत जाते, आणि हिवाळाभर झडपेतून गवत खाली गव्हाणीत सोडायचं. गवताचं ते पांघरूण गोठा उबदार ठेवतं. आणि भिंतींत अरुंद उभ्या फटी सोडलेल्या असतात. दुसऱ्या हिवाळ्यात पारा पहिल्यांदा उणे बारावर गेला, तेव्हा त्या फटींतून येणारं वारं मला बघवेना. मी सगळ्या फटी गोणपाटाने बुजवल्या आणि दाराला प्लास्टिक ठोकलं. गोठा खरंच उबदार झाला. दहा दिवसांत शेळ्या खोकायला लागल्या.

डॉक्टर आले. जनावराला हात लावण्याआधी त्यांनी भिंतीला हात लावला. भिंत ओलीचिंब होती. मला म्हणाले, खाली बसा, शेळीच्या नाकाएवढ्या उंचीवर श्वास घ्या. मुताच्या उग्र वाफेने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उभ्या माणसाला तो वास जाणवतच नव्हता. तीन शेळ्या औषधाने सावरल्या. सगळ्यात म्हातारी चंद्री निमोनियाने चौथ्या दिवशी गेली. त्याच संध्याकाळी मी एकेक गोणपाट उपसून काढलं. कोरडी थंडी शेळी सोसते, ओली ऊब नाही. जनावराच्या अंगावर थेट झोत नको, पण वरून हवा खेळलीच पाहिजे. कोंबड्यांच्या खुराड्यालाही हेच लागू. त्यांच्या तुऱ्याला हिमदंश होतो तोही दमट हवेत जास्त. मी तुऱ्यांना रात्री थोडं व्हॅसलीन लावते, आणि खुराड्याची वरची झडप उणे पंधरातही उघडी ठेवते.

बर्फ म्हणजे वरून शांतपणे पडणारा कापूस, असं आपल्या डोळ्यांपुढे असतं. तसाही पडतो, आणि तो दिवस सुंदर असतो. पण या पठारावर खरी धास्ती ‘एसिर’ची. हा इथला हिवाळी वारा. आभाळ निरभ्र असतं आणि पडून गेलेला बर्फ जमिनीवरून वाळूसारखा पळत राहतो, रस्त्याच्या खोलगट भागात साचून दोन-दोन मीटरचे ढीग करतो. म्हणून रस्त्यांच्या कडेला उंच काठ्या रोवलेल्या असतात. रस्ता कुठे आहे ते त्यांच्यावरूनच कळतं. अशा रात्री हाताची बोटं दिसत नाहीत. मी घराच्या दारापासून गोठ्यापर्यंत नोव्हेंबरातच जाड दोरी बांधून ठेवते आणि ती धरून जाते. घराचं दार आत उघडणारं हवं. बाहेर उघडणारं असेल तर सकाळी बर्फामागे तुम्ही कोंडले जाल.

मोठे रस्ते बर्फ ढकलणारी सरकारी गाडी साफ करते. आमच्या वाडीचा रस्ता मात्र शेजारचा तरुण शेतकरी ट्रॅक्टरला पातं लावून पहाटे उघडतो. गावाने शेतकऱ्याला असं काम देण्याची सोय इथल्या कायद्यात १९९९ पासून आहे. त्याच्या वडिलांमुळेच मी या गावची झाले, असं म्हणायला हरकत नाही. त्यांच्याकडे सालेर्स जातीच्या गाई आहेत: गडद तांबड्या, वीणेसारख्या वळलेल्या लांब शिंगांच्या. पहिल्या ऑक्टोबरात मी धार बघायला गेले. त्यांनी आधी वासरू सोडलं, दोन घोट पिऊ दिलं, मग ते गाईच्या पुढच्या पायाशी बांधलं आणि त्याच्या पाठीवर मीठ भुरभुरलं. गाय त्याला चाटत राहिली आणि दूध उतरलं. वासराशिवाय ही गाय पान्हावतच नाही. फ्रेंच मला तेव्हा जेमतेम येत होतं. आमच्या आजीची गायही अशीच, एवढंच मी हातवाऱ्यांनी सांगितलं. त्या आजोबांनी मला बसायला तिपाई दिली. नऊ वर्षं झाली, अजूनही आम्ही एकमेकांना अहोजाहोच करतो, पण एसिरच्या सकाळी आमच्या धुराड्यातून धूर दिसला नाही तर ते फोन करतात.

धुराड्यावरून लाकडाचं आठवलं. सरपण इथे ‘स्तेर’मध्ये मोजतात, म्हणजे एक मीटर लांब-रुंद-उंच रचलेली चळत. आम्हाला हिवाळ्याला बारा-तेरा स्तेर लागतात. या वर्षी तोडलेलं लाकूड या वर्षी जाळायचं नाही. दोन वर्षं वाळलेलंच घ्या. ओलं लाकूड धुमसतं, ऊब देत नाही आणि धुराड्यात काजळी धरून आग लागण्याचा धोका वाढवतं. धुराडं दरवर्षी साफ करून घ्या, त्याची पावती विम्याला लागते. वीज जाते, हे गृहीत धरा. २०१८ च्या ऑक्टोबरअखेरीस झाडांवर पानं असतानाच ओला, जड बर्फ पडला, फांद्या तारांवर कोसळल्या आणि या डोंगराळ पट्ट्यात घरंच्या घरं अंधारात गेली. त्या वेळी चुलीवर शिजवता येणं फार मोलाचं ठरतं. ल प्युई या शहराच्या भागातली बारीक हिरवी मसूर आमच्या बाजारात सहज मिळते. गोडा मसाला आणि आमसूल घातलं की तिची आमटी घरच्यासारखी होते.

बर्फापेक्षा मला नोव्हेंबर जड जातो. धुकं, चिखल, पाऊस, आणि दिवस दर आठवड्याला आखडत जातो. डिसेंबरात सव्वाआठ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. पहिल्या दोन वर्षी मला सकाळी उठावंसं वाटत नसे. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व दिलं, त्याचा उपयोग झाला, पण मला उठवलं ते गाढवीच्या ओरडण्याने. तिला साडेसातला पाणी हवं असतं, माझं मन कसंही असो. कोंबड्या या दिवसांत अंडी देणं थांबवतात. भरपूर अंडी द्यायला त्यांना चौदाएक तासांचा उजेड लागतो, थंडीचा दोष नाही. बरेच जण दिवा लावतात. मी लावत नाही, त्यांना विसावा मिळू देते. संक्रांतीला मी वाडीतल्या चारही घरांत तिळगूळ देते आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत एका सकाळी पेंढ्यात पहिलं अंडं सापडतं. शेळ्या मार्चमध्ये वितात. बोकड ऑक्टोबरात दाखवला की पाच महिन्यांनी करडं येतात, तोवर कडाका ओसरलेला असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. एकच शेळी असली तरी तिची नोंदणी आणि कानातला बिल्ला सक्तीचा आहे. गाढवाला चिप लागते आणि ते जिथे ठेवणार त्या जागेचीही नोंद करावी लागते. कोंबड्यांची माहिती गावच्या कचेरीत, म्हणजे ‘मेरी’त द्यायची, बर्ड फ्लूचा धोका जाहीर झाला की घरगुती कोंबड्याही जाळीखाली ठेवाव्या लागतात. बऱ्याच डोंगराळ गावांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च गाडीला हिवाळी टायर किंवा साखळ्या हव्यात. हा नियम २०२१ पासून आहे.

आणि एक विनंती. पहिल्या हिवाळ्यात कोंबड्यांखेरीज काहीही पाळू नका. घर, लाकूड आणि अंधार यांची सवय होऊ द्या, शेळ्या वसंतात आणा. घर बघायलाही जुलैत येऊ नका. जुलैत इथलं प्रत्येक घर घ्यावंसं वाटतं. फेब्रुवारीत या, दुपारी चार वाजता अंगणात उभ्या राहा आणि बघा: वारा कुठून येतो, बर्फ कोणत्या भिंतीला साचलाय, पाणी कुठून घ्यावं लागेल. मग घराच्या दारापासून गोठ्याच्या दारापर्यंत पावलं मोजा. माझी बेचाळीस भरतात, आणि दोन भरलेल्या बादल्या घेऊन ती पुरेशी आहेत. शंभर भरली तर दुसरं घर बघा.