रेनबोला रंग का येईना? शिवाय बोअरचं पाणी, पूर, झाकण आणि पिल्लं

घरच्या काचेच्या टाकीत पाळायच्या रेनबो माशांबद्दल सातारा-सांगलीकडून सारखं कुणी ना कुणी विचारत असतं, त्यातले नेहमी येणारे प्रश्न आज घेतोय.

प्रश्न (गोडोली, सातारा): बोसेमानी रेनबोची चार पिल्लं आणली, दीड-दोन इंची आहेत. फोटोत तोंडाकडून निळा आणि शेपटीकडून केशरी दिसतो, आमचे नुसते चंदेरी. फसलो का आम्ही?

उत्तर: नाही हो. रेनबो लहानपणी असाच दिसतो आणि म्हणूनच दुकानात लोक त्याच्याकडे बघतही नाहीत, शेजारच्या टाकीतले भडक मासे घेऊन जातात. बोसेमानीला रंग धरायला पाच-सहा महिने लागतात आणि खरा निळा-केशरी रंग यायला वर्ष, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत नर चार इंचापर्यंत जातो, अंगाने उंच आणि चपटा होतो, मादी मात्र फिकीच राहते. पण चार मासे कमी पडतात, किमान सहा-आठ करा, नर-मादी मिळून. नराचा रंग खुलतो तो दुसऱ्या नरासमोर मिरवताना आणि मादीमागे लागताना. सकाळी पहिला उजेड टाकीवर पडला की बघत बसा, नराच्या कपाळावरून नाकापर्यंत एक चमकदार पट्टा उठतो आणि क्षणात विझतो, परत उठतो. दिवसभर लाईट लावून हे दिसणार नाही, सकाळीच दिसतं, त्यासाठी थोडं लवकर उठावं असं माझं अगदी मनापासून सांगणं आहे.

एक मात्र आहे, दोन-तीन जाती एकाच हौदात वाढवलेली संकरित पिल्लंही बाजारात येतात, त्यांना तसा रंग कधीच येत नाही. म्हणून शक्य असेल तर दुकानात आई-बापाच्या वयाचे मासे बघूनच पिल्लं घ्या.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): आमच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ७०० आहे. दुकानदार म्हणतो आरओचंच पाणी घाला. रोज एवढं आरओ कुठून आणू?

उत्तर: दादा, आधी थांबा. बोसेमानी हा मूळचा पापुआच्या पश्चिम टोकाकडच्या आयामारू तळ्यांचा मासा, तिथलं पाणी चुनखडीच्या भागातलं, जड. शास्त्रीय नाव १९८० साली मिळालं आणि आज मूळ ठिकाणी तो धोक्यात आलेल्या जातींमध्ये धरला जातो. जड पाण्याच्या या माशाला नुसत्या आरओच्या पाण्यात टाकणं म्हणजे उलटा कारभार, त्यात क्षार नसतात म्हणून पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) धडाधड खाली-वर होतो.

पण ७०० हा नुसता आकडा आहे, त्यात काय विरघळलंय ते मीटर सांगत नाही. गिझरच्या कॉईलवर, बादलीच्या कडेला पांढरा कडक थर बसतो का, साबणाला फेस येत नाही का? तसं असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे, रेनबोला चालेल. पण मिरज, वाळवा, पलूसकडे उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली रानं आहेत, तिथल्या बोअरचं पाणी थर न देताच खारट लागतं, ते सोडियमचं. तसलं असेल तर निम्मं नळाचं किंवा पावसाचं स्वच्छ पाणी मिसळा, पण हळूहळू, दर आठवड्याला पाव टाकी या हिशोबाने. पीएच ७ ते ८ मध्ये आहे ना, आणि रोज तेवढाच राहतो ना, मग औषधं ओतून तो ‘बरोबर’ करत बसू नका. माझ्या मते या माशाला स्थिर पाणी आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

प्रश्न (गावभाग, सांगली): २०१९ च्या पुरापासून पावसाळा आला की धाकधूक असते. लाईट गेली, नळ बंद झाला तर मासे कसे वाचवायचे?

उत्तर: रेनबो ऑक्सिजनला हावरा मासा, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप जूनच्या आधीच घेऊन ठेवा. लाईट गेली की खाणं पूर्ण बंद, धडधाकट मोठा मासा आठवडाभर सहज उपाशी राहतो, उलट खायला घातलं की घाण वाढते आणि बंद फिल्टरमध्ये ती कुजते. एक-दोन पिंप पाणी भरून ठेवा. पूर ओसरल्यावर नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो त्या दिवसांत बदली पाण्यात अँटिक्लोरीन (सोडियम थायोसल्फेट) घातल्याशिवाय एक तांब्याही टाकीत जाऊ देऊ नका. आणि तुरटी फिरवलेलं पाणी नको, पीएच खाली येतो.

प्रश्न (इस्लामपूर): सकाळी एक मासा फरशीवर वाळलेला मिळाला, पाणी तर चांगलं होतं.

उत्तर: उडी मारली त्यानं. झाकण लावा, फिल्टरच्या पाईपशेजारची फट सुद्धा बुजवा.

प्रश्न (सदर बझार, सातारा): दोन फुटी टाकी आहे. बसतील का? थंडीत हीटर लागेल का?

उत्तर: बोसेमानी नाही, त्याला पोहायला चार फूट लांबी पाहिजे. २ बाय १ बाय १ म्हणजे जेमतेम ५५ लिटर, त्यात थ्रेडफिन रेनबो छान राहतात, दोन इंचाच्या आतलेच, फक्त तोंड बारीक म्हणून खाणं पावडरीसारखं द्या आणि शेपट्या कुरतडणारे बार्ब सोबत ठेवू नका. तीन फुटी केलीत तर निळे ड्वार्फ निऑन रेनबो घ्या. साताऱ्याच्या डिसेंबर-जानेवारीत हीटर हवाच, लिटरला एक वॅट धरा, २४-२५ वर लावा आणि पाणी बदलताना बटण बंद करायला विसरू नका, उघडा हीटर तडकतो.

प्रश्न (मिरज): टाकीतल्या मॉसवर (शेवाळासारख्या पाणवनस्पतीवर) रेनबोची अंडी दिसतायत! काय करू? आणि पिल्लं जास्त झाली तर कृष्णेत सोडली तर चालतील का?

उत्तर: अभिनंदन ताई. अंडी बारीक धाग्याने चिकटलेली असतात, मॉसचा तो झुपका त्याच टाकीचं पाणी घेऊन वेगळ्या भांड्यात ठेवा, आठवडा ते दहा दिवसांत पिल्लं फुटतात आणि पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहतात. पहिले काही दिवस इन्फुसोरिया (पाण्यातले अगदी बारीक सूक्ष्मजीव), मग ब्राईन श्रिम्पची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) ताजी पिल्लं, दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं. टाकीत दुसऱ्या जातीचे रेनबो असतील तर मात्र ती पिल्लं कुणाला ‘बोसेमानी’ म्हणून देऊ नका, त्यांचा सहज संकर होतो.

नदीत अजिबात नाही. बाहेरून आलेल्या चिलापीनं आपल्या नद्या-तलावांतल्या देशी माशांची जागा किती घेतलीय ते कोळी बांधवांना विचारा. जास्तीची पिल्लं ओळखीच्या टाकीवाल्यांना द्या, दुकानदाराला खाण्याच्या बदल्यात द्या, आणि तेही जमत नसेल तर पुढच्या वेळी मॉस बाहेर काढू नका, अंडी मोठे मासेच खाऊन टाकतात.