विशेषीकरण घेताना

रत्नागिरी

चि. स अनेक आशीर्वाद.

मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कोणतं विशेषीकरण घेऊ, क्लिनिकल म्हणजे मनोरुग्णांच्या तपासणी-उपचाराचं की समुपदेशनाचं, असं विचारलंस. क्लिनिकलला मान आहे, कॉलेजातल्या समुपदेशकाला कोणी विचारत नाही, असं तुझ्या वर्गातल्या मुली म्हणतात, तेही वाचलं. मानाचं राहू दे. एम.ए.ला क्लिनिकल घेतलं म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला पुढचा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते, आणि त्या जागा थोड्याच असतात. एवढी वर्षं द्यायची तयारी असेल तर खुशाल जा. त्याआधी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात परवानगी काढून चार दिवस बसून ये.

पण तुझ्या पत्रावरून मला वाटतं, तुझा ओढा विद्यार्थ्यांकडे आहे. कॉलेजातल्या समुपदेशकाकडे ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत कोणी येत नाही. बोनाफाइड मागायला येतात, एसटीच्या पासावर सही हवी असते. जुलैत एखादा मुलगा टेबलापुढे उभा राहून विचारतो, ‘मॅडम, फी दोन हप्त्यांत चालेल?’ हातात घडी घालून घालून मऊ झालेली चलनाची पावती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बाप घरी जाळी दुरुस्त करत बसलेला, आणि प्रवेशाची फी नेमकी याच दिवसांत. रात्री झोप लागत नाही हे तो उठता उठता सांगतो, तेही तू घाई केली नाहीस तर. अशा वेळी आधी हेडक्लार्ककडून हप्ते पाडून घेता आले पाहिजेत, श्वासाचे व्यायाम मागाहून. पुष्कळांना ही कारकुनी वाटते. वाटो! मी याला समुपदेशनच म्हणते.

दुसरी तऱ्हा हुशार मुलांची. आपला कोकण विभाग दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिला येतो, पेपरात फोटो छापून येतात. मग त्यातलीच एखादी मुलगी मुंबईच्या वसतिगृहात पहिल्या सेमिस्टरला एटीकेटी लागली की घरचा फोन उचलत नाही.

नोकरीचं म्हणशील, तर शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. जागा निघतील. मात्र गॅदरिंगपासून परीक्षेच्या सुपरव्हिजनपर्यंत सगळं त्याच माणसाच्या गळ्यात घालणारी कॉलेजंही असतील. मुलाखतीतच विचारून घे.

खरं पाहायचं ते वेगळंच. इंटर्नशिप कुठे मिळते आणि तुझ्या केसेस दर आठवड्याला कोण ऐकून घेणार? किनाऱ्यावरच्या कॉलेजात तू बहुधा एकटीच समुपदेशक असशील. मुलीची आई मासळीबाजारात गाठून ‘काय म्हणते हो आमची?’ विचारेल. तेव्हा काय बोलायचं, ते पर्यवेक्षकासमोर बसूनच शिकायचं असतं. जिथे पर्यवेक्षण पक्कं, ते विशेषीकरण घे, नाव कमी भारी असलं तरी चालेल.

फॉर्म भरण्याआधी दोन्ही विशेषीकरणांच्या इंटर्नशिपच्या ठिकाणांची यादी विभागातून माग आणि मला पाठव. पर्यवेक्षकांची नावंही हवीत. शनिवारी दुपारनंतर फोन केलास तर मी घरीच असते.