रात्री भिंतीवरचं बटण बंद करू नका

प्रश्न : सर, आमचा ५५ इंची ओएलईडी टीव्ही आहे. सासरे दिवसभर बातम्या लावून बसतात. आता मालिका लावली तरी चॅनलचा लोगो आणि खालची पट्टी पुसटशी दिसते. दुरुस्तीवाला म्हणाला, पॅनेल गेलं. मी रोज रात्री रिमोटने टीव्ही बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करते. त्याने काही बिघडलं असेल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, बटण बंद करण्याची सवय एरवी चांगलीच, पण या टीव्हीला ती बाधते. पॅनेल गेलं असं इतक्यात धरून चालू नका.

तंत्रनिकेतनात ३२ वर्षं मी हाच भाग फळ्यावर काढून शिकवत आलो. तुमचा टीव्ही ४के असेल तर पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके आहेत. बहुतेक मोठ्या ओएलईडी टीव्हींत भिंग लावून पाहिलं, तर एकेका ठिपक्यात लाल, हिरवा, निळा आणि पांढरा असे चार कप्पे दिसतात. प्रत्येक कप्प्यामागे काचेवर साधारणपणे पातळ थरांचे तीन ट्रान्झिस्टर (करंट कमीजास्त करणाऱ्या विजेच्या तोट्या) आणि एक कपॅसिटर (वीज साठवणारं पिंप) असतो. म्हणजे तुमच्या भिंतीवर जवळजवळ दहा कोटी ट्रान्झिस्टर टांगलेले आहेत!

सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर ठिपक्यांच्या एका ओळीच्या वाट्याला आठ मायक्रोसेकंदही (सेकंदाचे दहा लाखावे भाग) येत नाहीत. नळाला अर्धा तास पाणी येतं तेव्हा आपण पिंप भरून घेतो, तसं पहिला ट्रान्झिस्टर तेवढ्यात कपॅसिटर भरून घेतो. फरक इतकाच, की हे साठवलेलं खर्ची पडत नाही. दुसऱ्या ट्रान्झिस्टरची तोटी किती उघडी ठेवायची, एवढंच ते पुढचं चित्र येईपर्यंत धरून ठेवतं. त्या तोटीतून येणाऱ्या करंटवर सेंद्रिय थर, म्हणजे ओएलईडीतला स्वतः उजेड देणारा थर, उजळतो.

खरी अडचण या दुसऱ्या ट्रान्झिस्टरची. तो ज्या व्होल्टेजला उघडू लागतो, ते थ्रेशोल्ड सतत वापराने सरकतं. समजा, आपण थ्रेशोल्डच्या वर १ व्होल्ट देतोय आणि ते ०.१ ने वर सरकलं. उरले ०.९. पण करंट या उरलेल्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो १ वरून ०.८१ वर येतो. एक दशांश व्होल्टापायी १९ टक्के उजेड गेला! लोगोच्या जागचे कप्पे रोज तासन् तास एकाच जोरावर चालतात, त्यामुळे त्यांचं थ्रेशोल्ड शेजाऱ्यांपेक्षा वेगळं सरकतं आणि तुम्हाला सावली दिसते.

तिसरा ट्रान्झिस्टर यासाठीच असतो. बऱ्याच टीव्हींत एकूण ४ तासांच्या आसपास पाहून झालं, की रिमोटने बंद केल्यावर टीव्ही स्टँडबायमध्ये गुपचूप काही मिनिटं काम करतो. या तिसऱ्या वाटेने ट्रान्झिस्टर तपासून सरकलेला फरक मेमरीत लिहून ठेवतो आणि पुढे तेवढं व्होल्टेज वाढवून देतो. तुम्ही लगेच भिंतीवरचं बटण बंद करता तेव्हा ही तपासणीच होत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण विकताना हे कोणीच सांगत नाही. (मोबाइलमध्ये सहसा ही भरपाई ठिपक्यातच होते, म्हणून तिथे एकेका कप्प्यामागे सात-सात ट्रान्झिस्टर असतात.)

सेंद्रिय थरच झिजला असेल, तर मात्र सावली पूर्ण जाणार नाही. झीज भरून येत नाही, ती थोडीफार झाकता येते. दोन्हींतलं काय झालंय, ते असं ओळखा. आज पडदाभर एकसारखा करडा रंग लावून अंधारात फोटो काढा. मग आठ दिवस रात्री फक्त रिमोटने बंद करा, भिंतीवरचं बटण चालू राहू द्या. वीज जाणार असेल त्या दिवशी टीव्ही थोडा आधी बंद करा. सासऱ्यांच्या बातम्या थांबवू नका, फक्त ब्राइटनेस उतरवा. आठवड्याने तसाच दुसरा फोटो काढा आणि दोन्ही मला पाठवा. तोवर नव्या पॅनेलचे पैसे कोणाला देऊ नका.