वाचकांचे प्रश्न : धान्य न पिकवणारे लामालेरा

गेल्या अंकात इंडोनेशियाच्या लेम्बाता बेटावरील लामालेरा या किनाऱ्यावरच्या गावाविषयी आम्ही एक छोटे टिपण दिले होते. लाकडी होडीतून देवमाशाची शिकार करणारे गाव एवढीच ओळख त्यात होती. त्यावर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : समोर समुद्र असताना साधी मासेमारी सोडून हे लोक एवढ्या प्रचंड जिवाच्या मागे का लागतात? आणि शेती नाही, तर धान्य कोठून आणतात? (एक शेतकरी वाचक, दहिवडी)

उत्तर : आपले दोन प्रश्न खरे तर एकच आहेत. लामालेरा हे बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, ज्वालामुखीच्या खडकाळ आणि तीव्र उतारावर वसलेले आहे. तेथे नांगर धरण्याजोगी जमीन जवळजवळ नाही. पाऊसही साधारण डिसेंबर ते मार्च एवढाच पडतो आणि वर्षाचा उरलेला काळ कोरडा जातो. बेटाच्या आतल्या डोंगरात मात्र मका, भात, केळी आणि कंदमुळे होतात. म्हणजे डोंगराकडे धान्य आहे आणि त्यासोबत खायला मांस-मासे कमी आहेत, तर किनाऱ्यावर नेमके उलटे आहे. या दोघांच्या देवाणघेवाणीवर गाव उभे राहिले. गावातील स्त्रिया वाळवलेले मांस आणि मासे डोक्यावर घेऊन डोंगरातील वस्त्यांवर जातात व त्याच्या बदल्यात मका आणतात. जवळच्या वुलांदोनी येथे दर शनिवारी वस्तुविनिमयाचा बाजार भरतो. बाजाराची पट्टी गोळा झाली की शिट्टी वाजते आणि मगच देवघेव सुरू होते. तेथे सहा नगांचा एक ‘मुंगा’ हे माप चालते आणि पुष्कळ व्यवहार पैशाला हात न लावता पुरे होतात.

आता देवमासाच का, याविषयी. गावासमोरचा सावू समुद्र तीन हजार मीटरहून अधिक खोल आहे आणि या बेटांच्या किनाऱ्यापासून फार दूर न जाताच तळ वेगाने खोल होत जातो. स्पर्म व्हेल हा दातांचा देवमासा हजार मीटर आणि त्याहूनही खाली बुडी मारून माकुळांवर (स्क्विडवर) जगतो, म्हणून त्याच्या वाटा या गावाच्या समोरून जातात. गावकरी केवळ त्यालाच धरतात असेही नाही. सूर्यमासा, डॉल्फिन, रे जातीचे मोठे मासे आणि उडते मासे हेही त्यांच्या पकडीत असतात. परंतु एक देवमासा मिळाला तर कितीतरी घरांचा मका येतो, ही त्यांची हिशोबाची बाजू आहे आणि ती दुष्काळी मुलखातील माणसाला समजावून सांगावी लागणार नाही.

शिकारीची होडी, जिला तेथे ‘तेना’ म्हणतात, साधारण दहा ते बारा मीटर लांब असते. तिच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी नव्हे, तर लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या असतात आणि शीड ताडासारख्या झाडाच्या पानांचे विणलेले असते. होडीच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, फळीवर उभा असलेला भालाईत, म्हणजे ‘लामाफा’, लांब बांबूच्या टोकाला बसवलेला भाला घेऊन स्वतःच्या शरीराच्या वजनासह देवमाशाच्या पाठीवर झेप घेतो. यात होड्या फुटतात आणि माणसे दगावतात. समुद्रात प्राण गमावलेल्यांसाठी प्रार्थना करूनच मे महिन्यात हंगाम सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे गाव कॅथलिक होत गेले, त्यामुळे किनाऱ्यावर आज ख्रिस्ती प्रार्थना होते आणि तिच्या जोडीने जुन्या घराण्यांचे पूर्वजांसाठीचे विधीही चालतात. घरात भांडण मिटलेले नसेल तर होडीला अपयश येते अशी त्यांची दृढ समजूत आहे. म्हणून खलाशी निघण्यापूर्वी तंटे मिटवतात.

मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते ती वाटणी. मारलेल्या देवमाशाच्या शरीराचे भाग आधीपासून ठरलेले असतात : कोणता होडीच्या कुळाचा, कोणता भालाईताचा, कोणता होडी बांधणाऱ्या सुताराचा, कोणता भाल्याचे पाते घडवणाऱ्या लोहाराचा. आपल्याकडील बलुत्याशी याचे साम्य चटकन लक्षात येते. फरक एवढाच, की तेथले ‘पीक’, म्हणजे देवमासा, हाती येईल की नाही हे कोणीही आधी सांगू शकत नाही. या वाटण्या घराघरांतून पुढे नात्यांत, म्हाताऱ्यांत आणि विधवांत झिरपत जातात. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 1970 च्या दशकात नॉर्वेजियन तज्ज्ञ आणि तोफेने भाला फेकणारी नौका पाठवून शिकार आधुनिक करण्याचा केलेला प्रयोग मला अपुऱ्या विचाराचा वाटतो. त्यात देवमासा वेगाने मारण्याचा विचार होता, परंतु वाट्यांवर उभ्या असलेल्या गावाचा नव्हता. तो प्रयोग टिकला नाही.

प्रश्न : देवमासे जगभर संरक्षित असताना या शिकारीला परवानगी कशी? ती थांबवायला नको काय? (एक शिक्षिका, कराड)

उत्तर : व्यापारी शिकारीवरील आंतरराष्ट्रीय बंदी 1986 पासून लागू आहे. परंतु ती घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाचा इंडोनेशिया सदस्य नाही आणि लामालेराची शिकार पोटासाठीची समजली जाते. इंडोनेशियाच्या स्वतःच्या कायद्यात देवमासे संरक्षित आहेत, तरीही या गावाची परंपरा चालू दिली जाते. 2009 मध्ये सावू समुद्रात सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, तेव्हा स्थानिक लोकांनी विरोध केल्यामुळे लेम्बाताचा भाग त्यातून वगळला गेला.

थांबवावी काय, याचे माझे उत्तर ‘आज नाही’ असे आहे आणि त्यामागे आकडे आहेत. गावाला वर्षाला सरासरी वीसेक स्पर्म व्हेल मिळतात आणि काही वर्षी फारच थोडे. विसाव्या शतकात कारखानदारी नौकांनी याच जातीचे सात लाखांहून अधिक जीव मारले आणि त्यांचे तेल यंत्रांत गेले. आज जगात या जातीचे आठ लाखांच्या आसपास प्राणी असावेत असा अंदाज आहे. ज्यांनी तो समुद्र रिकामा केला नाही, त्यांच्याकडूनच प्रथम हिशोब मागणे मला न्याय्य वाटत नाही. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आता होड्यांना इंजिने आली आहेत आणि पाठलाग सोपा झाला आहे. शिवाय मांटा रे हा मासा फार सावकाश वाढतो, एका वेळी बहुधा एकच पिल्लू देतो आणि 2014 पासून इंडोनेशियात त्याला पूर्ण संरक्षण आहे. त्याच्या कल्ल्यांना परदेशी बाजारात भाव आहे. जेथे गावच्या मक्याऐवजी परदेशी व्यापाऱ्याची मागणी शिकारीला हाकू लागते, तेथे पोटासाठीची शिकार हा आधार संपतो. तेथे बंदी कडकपणे पाळली गेलीच पाहिजे.

प्रश्न : तेथील हातमागावरच्या कापडाविषयी लिहावे. (एक विणकर वाचक, विटा)

उत्तर : विट्याहून हा प्रश्न आला याचा आनंद वाटतो. लेम्बाताच्या स्त्रिया कापड विणण्यापूर्वीच सुताच्या लडी ठिकठिकाणी घट्ट बांधून रंगात बुडवतात. बांधलेला भाग कोरा राहतो आणि नक्षी सुतातच तयार होते. लाल रंग बारतोंडीच्या जातीच्या झाडाच्या मुळांपासून आणि निळा रंग निळीपासून मिळतो. लामालेराच्या कापडावर होड्या, देवमासे आणि मांटा रे यांच्या आकृती येतात. लग्नात वधूच्या घराकडून असे कापड जाते आणि वराच्या घराकडून हस्तिदंत येतो. त्या बेटांवर हत्ती नाहीत. कित्येक पिढ्यांपूर्वी व्यापारातून आलेले दात घराघरांतून फिरत राहिले आहेत. यंत्रमागाच्या गावातील माणसाने ते कापड एकदा हातात घेऊन पाहावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : वर्तमानपत्रांत येणारी ‘व्हेल माशाची उलटी’ याच देवमाशाची असते काय? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : होय, ती स्पर्म व्हेलचीच. ती बहुधा उलटी नसते. माकुळांच्या न पचलेल्या कठीण चोचींभोवती आतड्यात साचणारा तो पदार्थ असून त्याला अंबरग्रीस म्हणतात. भारतात त्याची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

प्रश्न : हे गाव पाहता येईल काय? (एक निवृत्त वाचक, सातारा)

उत्तर : येईल, परंतु प्रवास दमवणारा आहे. तिमोर बेटावरील कुपांग येथून विमानाने लेम्बातातील लेवोलेबा या शहरी जाता येते किंवा शेजारच्या फ्लोरेस बेटाच्या लारांतुका बंदरातून बोटीने. तेथून पुढे डोंगरातील वाईट रस्त्याने काही तास लागतात. कोरडा हंगाम, म्हणजे मे ते सप्टेंबर, हा काळ योग्य. मोठे हॉटेल नाही, गावकऱ्यांच्या घरीच राहण्याची सोय होते. शिकार पाहायलाच मिळेल असे धरून जाऊ नये, कारण आठवडेच्या आठवडे देवमासा दिसत नाही. शनिवार धरून गेलात तर वुलांदोनीचा बाजार नक्की पाहता येईल. थोडी इंडोनेशियन भाषा शिकून जावे, छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, आणि काही घ्यायचेच असेल तर विणणाऱ्या बाईकडून थेट कापड घ्यावे. दात वा हाडांच्या वस्तू मात्र घेऊ नयेत, कारण त्या भारतात आणणे कायद्याने गुन्हा ठरते.