घर आईच्या नावावर, पण आईचं किती?

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. वकिलाची फी न झेपणाऱ्या, छोट्या घरांच्या मालकांना मी मोफत मृत्युपत्र लिहून देतो. गेल्या वर्षी एका विधवा बाईंचं केलं. त्यांनी सगळं घर मुलीला दिलं. घर पतीने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. ते मृत्युपत्र न करता गेले आणि नॉमिनी म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट बाईंच्या नावावर केलं. आता मुलाच्या वकिलाची मला नोटीस आली आहे : आईवर दबाव आणला, सनद नसताना वकिली केली. कागदावर ‘लेखक’ म्हणून माझी आणि साक्षीदार म्हणून एका शेजाऱ्याची सही आहे. बाई हयात आहेत. माझं काय होईल?

उत्तर : बाई हयात आहेत हे तुमचं नशीब. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येतं, तोवर त्या ते हवं तेव्हा बदलू किंवा रद्द करू शकतात. मुलाला आज त्या मृत्युपत्राला आव्हान देता येत नाही, आणि दबाव होता की नव्हता हे सांगायला खुद्द बाई आहेत. नोटिशीला उत्तर वकिलामार्फत आणि थोडक्यात द्या. बाईंनी विश्वासाने सांगितलेल्या घरातल्या गोष्टी त्यात आणू नका.

मृत्युपत्र वकिलानेच लिहावं असं बंधन नाही. साध्या कोऱ्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. तरी सनदेचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. वकिलीत कोर्टाबाहेरचा सल्ला आणि मसुदे लिहिणंही येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. शेजाऱ्याला एकदा मजकूर लिहून देणं वेगळं आणि घरोघरी तेच काम करत राहणं वेगळं, पैसे घेतले नाहीत तरी.

खरी चूक नोटिशीत नाहीच. तुम्ही शेअर सर्टिफिकेट पाहिलंत आणि घर बाईंचं धरलंत. (कुटुंब हिंदू आणि पतीची आई आधीच वारलेली, असं धरून लिहितो. मुस्लिम कुटुंबात हिस्से वेगळे पडतात, आणि वारसांची संमती नसेल तर मृत्युपत्राने फार तर एक तृतीयांश देता येतं.) नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. पती मृत्युपत्राविना गेले त्या दिवशीच १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे घराचे तीन समान हिस्से झाले : पत्नी, मुलगा, मुलगी. बाईंचा एक तृतीयांश. तेवढाच त्या देऊ शकतात. मुलीचा स्वतःचा एक तृतीयांश धरून तिला दोन तृतीयांश मिळेल. मुलाचा हिस्सा आईच्या कोणत्याही सहीने जात नाही. त्याने स्वखुशीने सोडला तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं लागेल.

दुसरी चूक सहीची, आणि ही मुलाच्या वकिलाला अजून दिसलेली नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ ला दोन साक्षीदार लागतात. बाईंना सही करताना प्रत्येकाने पाहिलेलं असावं, किंवा ‘ही माझीच सही’ हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि मग त्यांच्यासमोर स्वतःची सही करावी. नुसती ‘लेखक’ म्हणून केलेली सही साक्षीची धरली जाईलच असं नाही. तसं झालं तर साक्षीदार उरतो एक, आणि मृत्युपत्र पडतं.

म्हणून नवीन मृत्युपत्र करायला सांगा. त्यात ‘या घरातील माझा जो काही हिस्सा असेल तो’ असं लिहावं आणि आधीचं रद्द केल्याचं स्पष्ट नमूद करावं. दोन्ही साक्षीदार बाईंपेक्षा तरुण असावेत, कारण पुढे वाद झाला तर निदान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं. मुलगी किंवा जावई साक्षीला नको. जमल्यास नोंदणी करा. या खेपेला मसुदा तुम्ही लिहू नका.

मग कोणी लिहायचा? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा दिली आहे, आणि तिच्यात कायदेशीर सल्लाही येतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. तुम्हीही तिथेच विधी स्वयंसेवक म्हणून नाव देऊ शकता. माणसं शोधणं, कागद जमवणं, त्यांना वकिलापर्यंत नेणं हे तुमचं काम आणि मसुदा वकिलाचा. तुमच्यासारख्यांची तिथे गरज आहे, हे मी उपचार म्हणून लिहीत नाही.

त्याआधी एक करा. आजवर ज्यांना मृत्युपत्रं लिहून दिलीत त्यांच्याकडे पुन्हा जा आणि दोन गोष्टी पाहा : घर त्यांच्याकडे आलं कसं, आणि ‘साक्षीदार’ या शब्दाखाली सह्या किती आहेत.